जित्या अंगावरचं पाणी

अलफिया पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती सातवीत असताना. तिसगावच्या आमच्या शाळेत परिपाठाला एक मुलगी चक्कर येऊन पडली. बाकीच्या ओरडत पळाल्या. ही मात्र तिच्याजवळ बसली आणि हळू आवाजात बोलू लागली, "आता तुझी रिबीन सोडते हं. आता मान उचलते."

मी विचारलं, "ऐकू येतंय का गं तिला?"

"माहीत नाही, बाई. खाला असंच बोलते."

"कुणाशी?"

"मय्यतीशी."

तिची खाला, म्हणजे मावशी, शहजादी गावातल्या मुसलमान बायकांच्या मयतांना शेवटची अंघोळ घाली. त्याला गुस्ल म्हणतात. बोरीचा पाला उकळलेलं पाणी, आधी उजवी बाजू, मग डावी, असं तीनदा, आणि प्रत्येक अवयवाला हात लावण्याआधी त्या मेलेल्या बाईला सांगायचं. पाणी ओतून द्यायला अलफिया जाई.

बारावीनंतर ती नर्सिंगचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. मी तोवर निवृत्त झाले होते. कॉलेजाने विचारलं होतं : कुणाच्या सोबत राहून, सावलीसारखं मागे उभं राहून, काम पाहिलंत? दोनच अनुभव लिहा. तिच्याकडे तीन होते. गावातले दाताचे डॉक्टर, पाथर्डीचा एक दवाखाना आणि खाला.

"खालाचं नको," मी म्हणाले. "वाचणारे दचकतील."

"पण बाई, दाताच्या डॉक्टरांकडे मी नुसती उभी होते."

"मग उभीच होते असं लिही. प्रवेश हवाय ना?"

तो तिला फारच हवा होता. खालाचे गुडघे गेले होते, आणि गावातल्या म्हाताऱ्या आता येता-जाता अलफियाच्या हातांकडे बघत. एकीने तर ते हातात घेऊन दाबून पाहिले होते. "मला जित्या माणसांची अंगं पुसायचीत, बाई," ती म्हणाली.

"मग दवाखान्याचं नीट लिही."

मग तिने सांगितलं ते असं. दवाखान्यात तिसगावचीच एक म्हातारी बरेच दिवस बेशुद्ध होती. सविता सिस्टर तिचं अंग पुसत होत्या. मध्येच त्यांना हाक आली, म्हणून कापड अलफियाच्या हातात देऊन गेल्या. हिने चादर सरळ केली, "दादीमा, आता उजवा हात घेते," म्हणाली आणि खांद्यापासून पाणी फिरवत पायापर्यंत गेली. मग पुन्हा खांद्यापासून. तिसऱ्यांदा कापड बुडवलं तेव्हा दारातून सून किंचाळली, "अगं ए! जित्या माणसाला गुस्ल घालतीस व्हय?"

तेव्हा म्हातारीने डोळे उघडले. अलफियाकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "अब्बी नक्को, बेटी." आणि डोळे मिटले. ती पुन्हा बोलली नाही.

माझ्या ओसरीवर ऊन होतं, तरी मी पदर ओढून घेतला.

आम्ही दाताच्या डॉक्टरांचं अर्धं लिहिलं असेल नसेल, फाटकाशी तीच सून उभी. ओरडली नाही, रडलीही नाही. "आमची अम्मा गेली," ती अलफियाला म्हणाली. "तू चल. तिनं तुलाच थांबवलं हुतं. आता दुसऱ्या कुणाचा हात न्हाई लागू द्यायचा."

अलफिया चप्पल घालून तिच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या ओढणीला गुस्लच्या शेवटच्या पाण्यातल्या कापराचा वास होता.

"उजवा हात धरला आणि थांबले, बाई. खाला म्हणाली, काय झालं? म्हटलं, विचारतेय, आता घेऊ का."

"मग?"

"बोलली नाही. पण हात जड नव्हता. मय्यतीचा हात जड असतो. हा तिने स्वतःच उचलून दिल्यासारखा आला."

अलफियाने पेन घेतलं, दाताच्या डॉक्टरांवर काट मारली आणि तिथे खालाचं नाव लिहिलं. दवाखान्याच्या रकान्यात स्वतःची चूकही लिहिली. मी म्हणाले, "हे वाचून घेणार नाहीत गं तुला."

"नाही घेतलं तर खाला आहेच. पण मी कुणाच्या सावलीत उभी राहिले, ते खोटं कसं लिहू?"

मुलाखतीला बोलावणं आलं. प्राचार्यबाईंनी तिला एकच विचारलं म्हणे, "पुन्हा जिवंत पेशंटचं अंग पुसायला दिलं तर?" तिने उत्तर दिलं आणि तिला घेतलं.

अलफिया आता नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात अंग पुसताना ती सुरुवात डाव्या हातापासून करते.