शेतस म्हणजे आहेत

मी कुंदाबाई. धुळ्यात परदेशी मदतीवर चालणारं एक केंद्र आहे. तिथं मी चहा करते, झाडलोट करते आणि आमच्या अहिराणीचं शहरातल्या मराठीत करून सांगते. हे शेवटचं काम कुठल्याच कागदावर नाही, पण त्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

सुरतेला कामाला गेलेले आणि हात हलवत परत आलेले लोक, त्यांना इथं पुन्हा कामाला लावायचं, म्हणून हे केंद्र. शिलाई मशीन, मोटार, पंप दुरुस्त करायला शिकवतात. त्यातलेच एक निंबाआबा. सुरतेत एकतीस वर्षं माग दुरुस्त केले. बायको तिकडेच वारली, कारखाना बंद पडला, आबा एकटे परत आले.

आता आबांना शिकवणार काय, कपाळ! परदेशातून आलेल्या तज्ज्ञ साहेबाचंच मशीन एकदा अडलं. आबांनी कान लावला, एक स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला, झालं सुरू. साहेबानं टाळ्या वाजवल्या तर आबा लाजून बाहेर जाऊन बसले.

केंद्र दहाला उघडतं आणि आबा नवापासून पायरीवर. मी ओरडायचे, "आबा, घर शे का नही तुमले?" एकदा म्हणाले, "घरमा कोनसंगे बोलू?" मला वाईट वाटलं आणि रागही आला. असलं मलाच का सांगायचं? त्या दिवशी त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

मग गाळा निघाला. बाजारात दुरुस्तीचं दुकान टाकायला एकच गाळा, हत्यारांसकट. अट अशी की जमीन नसावी आणि कोणाचा आधार नसावा. दिवसभर गिऱ्हाइकं येणार, बसणार, बोलणार. आबांना दुसरं काय हवं होतं!

अर्ज भरायला पुण्याची ऋतिका आली होती. पोर गुणी, पण अहिराणीत ढ. मी चहा आणायला गेले तेवढ्यात तिनं विचारलं, "आबा, म्हातारपणी आधार काय?" आबा ताठ बसून म्हणाले, "शेतस ना! दोन शेतस!"

पोरीनं लिहिलं, दोन शेतं.

मी येऊन वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अगं बाई, शेतस म्हणजे आहेत! दोन मुलं आहेत म्हणताहेत ते. शेत कुठलं, कुंडीभर माती नाही त्यांच्याकडे!"

ऋतिका हसली. "मग मुलं सांभाळतात लिहू? पण त्यांना फोन करून खात्री करावी लागेल. सांभाळत नसतील तर 'कोणी नाही' लिहिते. गाळा आबांचाच."

मी आबांना समजावलं. "आबा, कोनी नही, एवढंच म्हना. गाळा तुमना."

आबांनी अर्जावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "कुंदा, आठ वरीस व्हयनात, एक बी पोऱ्या माले भेटाले उना नही. मी एकला शे, हाई माले माहीत शे, आते तुले माहीत शे. पन कागदवर नको लिखू, माय."

ऋतिका पेन धरून थांबली होती. "काय म्हणाले, मावशी?"

मी म्हटलं, "माझंच चुकलं गं. शेतंच आहेत त्यांची. दोन."