दीडातून पाव किती निघतात?

गणिताच्या बाईंना आम्ही सगळे शिक्षक ‘उलटाबाई’ म्हणायचो. नाव ठेवणाऱ्यांत मीही होते, कबूल करते. अपूर्णांकांचा भागाकार आला की त्यांचा आवाज भिंत ओलांडून माझ्या विज्ञानाच्या वर्गात घुसायचा, “उलटा करा आणि गुणा!” सव्वीस वर्षं हेच.

मग आलं प्रशिक्षण. तिथे आम्ही सही करायला आणि चहा प्यायला जातो, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला शिकवायला आलेल्या तरुण मॅडमनी फळ्यावर ‘दीड भागिले पाव’ लिहिलं आणि आमच्या बाईंना उभं केलं.

“उत्तर सहा. भागल्यावर दीडाचे सहा कसे झाले?”

“उलटा करून गुणायचं.”

“पण उलटा का करायचा?”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसणाऱ्याचा मला असा संताप आला! त्याला तरी कुठे येत होतं? बाई मात्र सरळ म्हणाल्या, “मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यातला नमुना पाठ मी घेते, यावरच. जमला नाही तर सातवीचा वर्ग सोडते.”

“कशाला विकतचं दुखणं घेता?” चहाच्या रांगेत मी म्हटलं.

“घेतलंय आता,” त्या म्हणाल्या.

चार दिवस डोकं खाजवून झालं. त्यांचे यजमान शिंपी. पाचव्या दिवशी मशीनवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय अडलंय एवढं?” बाईंनी सांगितलं.

“म्हणजे दीड मीटरमधून पाव मीटरचे तुकडे किती निघतात, एवढंच ना? एका मीटरला चार, अर्ध्याला दोन. सहा. यात शिकवायचं काय?”

बाई अशा ताडकन उठल्या की टाचण्यांची डबी सांडली.

नमुना पाठाला वर्गात मागे तीस शिक्षक बसले होते. बाईंनी ‘भागिले’ हा शब्दच काढला नाही. कागदाच्या फिती वाटल्या आणि विचारलं, “किती निघतात?” आवाज खणखणीत. मुलं कापत सुटली. एका मुलीने विचारलं, “बाई, पाव मीटरमधून अर्ध्या मीटरचे किती?”

“निघतच नाही!” वर्ग ओरडला.

“काहीच नाही?” बाईंनी विचारलं.

मुलीने दोन्ही फिती जुळवून पाहिल्या. “अर्धा निघतो.” मग एकदम, “बाई, एकातून पावाचे चार निघतात, म्हणून चारने गुणायचं होय!”

मला रडूच आलं.

पाठ संपल्यावर मॅडम अभिनंदन करायला आल्या. बाईंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. “सातवी माझ्याकडेच राहील. पण वजा गुणिले वजा अधिक का होतं? तेही मी सव्वीस वर्षं नुसतं दामटून सांगतेय.”

मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या.

“बसून घ्या,” बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.