भाऊजींची खेळपट्टी

नवी नवरी असताना मी धाकट्या भाऊजींच्या खेळपट्टीवर ज्वारी मळली. जमिनीच्या एका पट्ट्यावर आमच्या या दिराइतकी माया करणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात झाला नाही, आणि त्या मायेच्या छातीत पहार घालणारी माझ्यासारखी भावजयही दुसरी झाली नाही. माझं माहेर लोणी भापकरचं. निमगाव केतकीला आले तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे. मळ्यात पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत केलेली जागा दिसली. मग ते खळंच असणार, यात विचारायचं काय? जरा लांबोडकं होतं, पण म्हटलं, इकडची तऱ्हा असेल. घरचे बाजाराला गेलेले. सासूबाईंना थक्क करायचं म्हणून मी बरोबर मध्यावर खड्डा घेतला, बैल बांधायचा तिवडा रोवला, कणसं पसरली आणि बैल फिरवायला लागले.

भाऊजी आले. ओरडले नाहीत. बांधावर बसले आणि तिवड्याकडे बोट करून म्हणाले, "वहिनी, दांड्या दोन्ही टोकांना असत्यात. मधी न्हाय."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या संघाशी सामना होता. खड्डा बुजवला खरा, पण त्यावर पडलेला चेंडू कधी घोट्याशी घसटायचा, कधी कानाशी उडायचा. इंदापूरकर भराभर बाद झाले. आमचेही झाले, पण तेवढं भाऊजी सांगत नाहीत.

त्यांच्या लाडांना अंत नव्हता. दगडी रूळ ओढायला बैल लागायचे आणि बैलांच्या खुरांचे ठसे तर उमटता कामा नयेत. म्हणून ते बैलांच्या पायांना गोणपाट बांधायचे. आमचे बैल लग्नाला निघाल्यासारखे लाजत चालायचे. सकाळी भाऊजी खेळपट्टीला गाल लावून ओल बघत. बायको एकदा तापानं फणफणली, तर तिच्या कपाळाला हात लावून म्हणाले, "वरनं सुकलीय, आत दम हाय." जाऊबाई ते अजून विसरलेल्या नाहीत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात मांडव मैदानात घालायला निघालेल्या पाहुण्यांना भाऊजींनी शेजारच्या ढेकळांत बसवलं.

क्रिकेट विलायतेत जन्मलं असं कुणी म्हटलं की ते सरसावून बसायचे. इंदापूरच्या न्हाव्याच्या दुकानात एका मास्तरांनी सांगितलं, की तिकडं मेंढरांनी गवत कुरतडून माळ गुळगुळीत केले, त्यावर हा खेळ सुरू झाला. भाऊजी अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. "मेंढरं काय आपल्याकडं न्हाईत व्हय? आपल्या धनगराला कुणी इचारलं का?" तेव्हापासून सीमारेषेच्या आतलं गवत मेंढरांनीच खायचं, असा नियम झाला. लेंड्यांवरून घसरून पडलेल्या खेळाडूला ते अभिमानानं सांगत, "ह्यो अस्सल जुना खेळ हाय."

आता आमचे हे गेले आणि त्यांच्या वाटणीचा तो मळा माझ्या नावावर आला. मैदानाच्या तिन्ही बाजूंना ऊस. खेळणारी पोरं कुणी पुण्याला, कुणी बारामतीला कंपनीत. राहिलेली जाळीतल्या हिरव्या सतरंजीवर, टर्फ म्हणतात त्यावर, दिव्याच्या उजेडात खेळतात. थोरला म्हणाला, "आई, चांगली जमीन रिकामी पडलीय. औंदा ऊस लावू. तात्याकाकांना तूच सांग."

मी सांगितलं नाही, तरी भाऊजींना कळलंच. ते रोज येऊन पाणी मारत राहिले, फक्त चहा मागायचं सोडलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे हक्कानं मागितलेली वस्तू ती एकच.

मग एका सकाळी थोरल्यानं ट्रॅक्टर आणला. मी पदर खोचला आणि जाऊन खेळपट्टीवर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले.

"आई, उठ की. लोक बघत्यात."

"बघू दे. मी हाय तवर हितं नांगर लागायचा न्हाय."

तो बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसला. मग वळला. त्याचा राग अजून गेलेला नाही. रविवारी आला तरी माझ्याशी मोजकंच बोलतो.

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेल्यावर भाऊजी उसाच्या सरीतून बाहेर आले. मला हात देऊन उठवलं. मी बसले होते तिथली माती तळहातानं सारखी केली, रिकाम्या मैदानावर एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "मैदान तुमी राखलं, वहिनी. आता गडी कुठनं आणू?"