सरकारी कंबर आणि घरगुती कंबर

केशरबाईच्या पोटात दुखायला लागायचं ते रोज सकाळी, कामावर निघताना. खाण्यापिण्यानं नव्हे. समोरच्या दारात दुर्गाबाई केस विंचरायला बसायची म्हणून.

आता केस कोण विंचरत नाही? पण मजुरीच्या बाया उजाडायच्या आधी अंबाड्याला एक पीळ देतात आणि वावरात तण निंदायला पळतात. दुर्गाबाईचं तसं नव्हतं. उन्हं ओसरीवर आली की ती तेलाची वाटी घेऊन ऐसपैस बसायची, आतल्या नवऱ्याशी गप्पा हाणत फणी चालवायची. केशरबाई खुरपं घेऊन समोरून जायची आणि मनात म्हणायची, विंचर बाई, विंचर, सरकारचं तेल हाय.

गाव मूर्तिजापूरपासून दोन कोसांवर, साल चौसष्ट. दुर्गाबाईचा नवरा देवराव फौजेत होता. चीनच्या लढाईत त्याच्या पाठीत गोळी शिरली आणि कमरेखालचं अंग मेलं. सरकारनं त्याला पेन्शन दिली. आणि त्याच्यावर आणखी एक भत्ता, तोही कोणाला, तर त्याला सांभाळणाऱ्या माणसासाठी! पोस्टमन पहिल्यांदा तो घेऊन आला त्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. पारावर जी रक्कम ऐकली, ती विहिरीपर्यंत दीडपट झाली, पिठाच्या चक्कीपर्यंत दुप्पट, आणि डोमाजी न्हाव्याच्या हातून निघाली तेव्हा तेवढ्या पैशात बैलजोडी येत होती. खरी रक्कम एवढीच की दुर्गाबाईचं निंदण सुटलं. ती घरी राहू शकली.

हेच केशरबाईच्या काळजाला डसलं. कारण तिचा नवरा मोतीरामही बाजेवरच होता. वामनराव पाटलाच्या कापसाच्या बैलबंडीवर, उंच कापसावर बसून सरकी काढायच्या जिनात निघाला होता. चाक खड्ड्यात गेलं, मोतीराम वरून पाठीवर पडला. दुखणं तेच, कमरेखाली तेच. वामनरावांनी पायलीभर ज्वारी पाठवली, दोनदा विचारपूस केली आणि पुढं त्यांनाही आपली कामं होती. सात वर्षं झाली. केशरबाई सकाळी मोतीरामचं सगळं उरकायची, उशाशी पाणी ठेवायची, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन त्याची कूस बदलायची, अर्धी भाकर तोंडात धरून परत वावरात.

"तिच्या नवऱ्याची कंबर सरकारी," ती विहिरीवर म्हणायची, "माह्या नवऱ्याची घरगुती. घरगुतीले कोन इचारते?"

बाया हसायच्या. ती हसायची नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर बातमी आली. फौजेचे डॉक्टर अकोल्याला येणार, जखमी शिपायांना पुन्हा तपासणार आणि कोणाचा भत्ता ठेवायचा, कोणाचा काढायचा ते ठरवणार. दुर्गाबाई संध्याकाळी केशरबाईच्या दारात आली.

"केशरबाई, मले सोबत पायजे व. रेल्वेत आमच्या ह्यायले उचलून चढवा लागते. तुले कसं उचलाचं ते मालूम हाय."

"मले नाई तं कोनाले मालूम राहीन," केशरबाई म्हणाली. पण ती तयार झाली. मोतीरामजवळ नणंद पार्बताबाईला बसवलं. मनात दोन गोष्टी होत्या. एक, डॉक्टरला विचारू, आमचं काहून नाही? दुसरी जरा वाईट होती, ती तिनं स्वतःशीही मोठ्यानं बोलली नाही. भत्ता बंद झाला, तर तो होताना पाहावा.

आणि तयारी काय सांगावी त्या नवराबायकोची! जणू लग्नाला निघाले. दुर्गाबाईनं तांब्यात निखारे भरून देवरावचा फौजी कोट कडक केला. पदक चिंचेनं घासलं. देवरावनं मिशीला तूप लावलं. रेल्वेच्या डब्यात तो खिडकीशी असा ताठ बसला की तिकीट तपासणाऱ्यानंच त्याला सलाम ठोकला. केशरबाईला वाटलं, माह्या मोतीरामले असा कोट असता तर तो बी ताठच बसला असता.

डॉक्टर पुण्याकडचे, चष्मेवाले, बोलायला मऊ. देवरावला बाकावर बसवलं. त्यानं खाडकन हात कपाळाला लावला.

"काही त्रास होतो का?"

"नहीं साब! सब ठीक!"

"आंघोळ, कपडे, संडासला जाणं, हे स्वतःचं स्वतः करता?"

"जी साब!"

आता साहेबासमोर रडगाणं गाणं फौजेत शिकवलेलंच नसतं. डॉक्टरांनी दुर्गाबाईकडं पाहिलं. "बाई, तुम्हाला यांचं काय काय करावं लागतं?"

दुर्गाबाईनं पदर सावरला. परक्या पुरुषासमोर नवऱ्याला कमी लेखायचं? तेही कोट घातलेला असताना?

"मले काईच करा लागत नाई, सायेब. सारं स्वतःच करतात. मी आपली बसून राहतो."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं.

दाराशी उभ्या केशरबाईच्या अंगाची आग झाली. काहीच करावं लागत नाही? बसून राहते? अगं, याच दुखण्यात जर काही काम नाही, तर ही सात वर्षं मी काय केलं? झोपा काढल्या? ती तीन पावलांत टेबलाशी आली.

"खोटं हाय, सायेब! धडधडीत खोटं!"

"केशरबाई!" दुर्गाबाई ओरडली.

"चूप वं! सायेब, देवरावभाऊ काय करतात स्वतःचं? इची नाटकं हायत. आंगोय ही बाईच घालते, धोतर ही बाईच बदलते. अर्ध्या राती उठून कूस बदलून देते, तिच्या घरचा कंदील मले माह्या घरातून दिसते. नाई बदलली तर पाठ सडते. उचला तो कोट! पाहा पाठ!"

आणि तिनं डॉक्टरांची वाट न पाहता स्वतःच कोट वर केला. कडक इस्त्रीच्या आत जुन्या जखमांचे वण होते आणि एका ताज्या जखमेवर हळदीचा लेप. देवराव भिंतीकडं पाहत ताठ बसून राहिला. फक्त मिशी थरथरली.

डॉक्टरांनी पाठ तपासली. मग लिहिलेलं खोडलं आणि दुसरं काही लिहिलं. "तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"माह्या घरी बी हेच हाय. सात वर्षं."

"तेही फौजेत होते?"

"नाई. कापसाच्या बंडीवरून पडले."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, कापसाच्या बंडीसाठी माझ्याकडे काही नाही."

"काहून नाई?"

त्या भल्या माणसानं पुढच्या शिपायाचा कागद ओढला.

बाहेर कारकुनानं दुर्गाबाईला सांगितलं, "भत्ता चालू राहिला. या बाई बोलल्या नसत्या, तर आज गेलाच होता." केशरबाईचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं. चुगली करायला म्हणून तोंड उघडावं आणि आपल्याच हातानं शेजारणीच्या पदरात माप ओतावं, असं दुःख कोणाला सांगणार?

परतीच्या गाडीत बोरगाव मंजू स्टेशन मागं पडलं. मग दुर्गाबाईनं भाकर-ठेच्याची शिदोरी सोडली.

"तुनं माह्यी इज्जत काढली सायबासमोर."

"काढलीच."

"अन् भत्ता वाचवला."

"ते चुकून झालं."

देवराव खिडकीबाहेर पाहत होता. त्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतो आहे. पण तो हसत होता. "वयनी," तो म्हणाला, "पल्टनीत तुमच्यासारखं एक मानूस असतं, तर चिनी पानी न पेता पयाला असता."

केशरबाईनं भाकर घेतली, पण रागानंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरपं घेऊन निघाली तर दुर्गाबाई दारात नव्हती. केशरबाईच्याच ओसरीवर चढली होती.

"मोतीरामभाऊची बाज तिकडून धर."

"काहून?"

"माह्या ओसरीवर ठेवू. एकाची कूस बदलतो, तसी दुसऱ्याची बदलीन. भत्ता तुह्याच तोंडानं राहिला न? मंग मी घरी हायच."

केशरबाईला नाही म्हणायचं होतं. पण निंदणाची वेळ झाली होती. तिनं बाज धरली.

तेव्हापासून दोन्ही कंबरा एका ओसरीवर. देवराव लढाईच्या गोष्टी सांगायचा, मोतीराम त्याला कापसाचा भाव सांगायचा, दोघं मिळून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचे. मोतीरामच्या अंगावर मांस चढलं. दुपारी धावत यायची केशरबाईला आता काही गरज नव्हती.

तरी ती धावत यायचीच. एकदा आली तर मोतीराम ताटातली तिसरी भाकर मोडत होता.

"घरी तं दोनीवर हात धुतो तू," ती म्हणाली.

"दुर्गाबाईची भाकर नरम असते व," मोतीराम बिचारा खरं बोलून गेला.

केशरबाई वावरात परतली ती खुरपं आपटतच. संध्याकाळी तिनं पीठ घेतलं, गरम पाणी घेतलं आणि हात दुखेपर्यंत मळत बसली.