पुठ्ठ्याचं इंजिन
घरातला डिंक संपला म्हणून काल कणकेची खळ शिजवली आणि तिच्या वासाबरोबर कल्याणचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवलं. कोळशाच्या इंजिनांचे दिवस. आमचे हे फायरमन होते आणि ड्रायव्हरच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाले होते. परीक्षेचे साहेब स्वागताचा हार गळ्यात ठेवूनच बसत, पण प्रश्न खरे विचारत. दुसऱ्या खेपेच्या तयारीत, इंजिन उलटं कसं चालतं, हे यांनी मला घडाघडा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "पाठ छान झालंय. पण मागे जायचा दांडा ओढल्यावर आत काय होतं?"  हे म्हणाले, "थांब, तुला कळलं तर मला कळलं." साडीच्या खोक्याचे पुठ्ठे खळीने चिकटवून त्यांनी एक उभी पट्टी केली, ती मधोमध पाटावर टाचली आणि तिच्या लांब खाचेत काडेपेटीची काडी बसवली. पट्टी डुलवली की खालच्या टोकाची काडी पुढे जाई. तीच वर सरकवली की त्याच हेलकाव्यात मागे. "काडी म्हणजे वाफेची झडप, दांडा तिलाच सरकवतो," हे म्हणाले. "म्हणजे वाफच उलट्या बाजूने सोडायची," मी म्हटलं. "अगं, मग तूच जा परीक्षेला." "आणि साहेबांना हार कोण घालणार?" हे पास झाले. त्यांनी पहिल्यांदा इंजिन मागे घेतलं तेव्हा यार्डाच्या कुंपणापाशी सगळे चाकं बघत होते, मी त्या पट्टीतली काडी शोधत होते. ती सापडली. माहेरी पुस्तकं भरपूर होती, पण यंत्र मला समजावून सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं. मला कळेल, असं हे धरूनच चालले होते. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे मात्र राहून गेले.