बाईंची सही

आमच्या सातपूरच्या ऑफिसातल्या टेस्टिंगच्या बाईंइतकं शांतपणे 'नाही' म्हणणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल. माहेरी मखमलाबादला गुलाबाची शेती. पाकळी उलटून पाहायची सवय हाताला लागलेली. कॅन्टीनचा वडासुद्धा मधोमध फोडून, आतली भाजी तपासून मगच खायच्या. मालकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर उभ्या उभ्या परत करून म्हणाल्या, "साहेब, त्या तारखेला मंगळवार आहे. तुम्ही बुधवार छापलाय." आणि खरंच मंगळवार होता!

कम्प्युटरचं वायरलेस नेटवर्क तेव्हा नवीन होतं. दिंडोरीकडच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. द्राक्षांच्या पेट्यांवरचे बारकोड वाचणारं यंत्र हातात धरायचं, पासवर्ड टाकायचा, की प्रोग्राम त्याला ओळखून आत घेणार. माझ्या टेबलावर ते झकास चाले. बाई यंत्र घेऊन इमारतभर फिरल्या, की ते घडीघडी पासवर्ड मागे.

"माझ्याकडे चालतंय," मी म्हणालो.

"मग यंत्राबरोबर तुम्हालाच पाठवू का?"

बाईंच्या सहीशिवाय कुठलाही प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जात नसे. मालक वैतागले. "बाई, सोमवारी द्यायचंय. सही करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

"बघते," बाई म्हणाल्या. "पण सही नाही."

आणि गुरुवारी मला घेऊन थेट कोल्ड स्टोरेजला. बाहेर मार्चचं ऊन, आत बाई दोन स्वेटर आणि कानटोपी घालून दारापासून शेवटच्या रांगेपर्यंत फेऱ्या मारतायत, पासवर्ड टाकतायत, वहीत वेळ लिहितायत. माझे दात वाजत होते आणि मनातल्या मनात मी त्यांना नको नको ते बोलत होतो. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिथेच त्यांनी वहीतल्या वेळा माझ्या प्रोग्रामच्या नोंदींशी ताडून पाहिल्या.

"हे बघा. लोखंडी दारामागे गेलं की आपलं उत्तर वाटेतच हरवतं. यंत्र बिचारं तेच पुन्हा विचारतं, आणि तुमचा प्रोग्राम त्याला नवीन पाहुणा समजून आधीची परवानगीच रद्द करतो."

माझा चेहरा पडला. तिथेच पेटीवर बसून दुरुस्ती केली : त्याच यंत्राने तेच पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर पुन्हा द्यायचं. बाईंनी आणखी तीस फेऱ्या मारल्या. एकदाही पासवर्ड मागितला गेला नाही. सोमवारी मालकांनी स्वतःचं पेन पुढे केलं, तेव्हा कुठे सही झाली.

पुढे मी पुण्याला गेलो. तिथे माझं काम पहिल्या फटक्यात पास होऊ लागलं. सुरुवातीला मोठा आनंद वाटायचा. हल्ली वाटतं, कुणी नीट पाहतच नाही.