भाऊसो पाटकरी आणि सगळ्यांत कोरडं रान

आमच्या गावचं पाणी सव्वीस वर्षं भाऊसोच्या हातात होतं. तो पाणीसंस्थेचा पाटकरी. आज कुणाच्या रानात पाणी सोडायचं, हे तो सकाळी दूध डेअरीच्या रांगेत मोठ्यानं सांगायचा. कुणाकडे पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, तर तिथंच सगळ्यांसमोर पाळ्या बदलायच्या. आवाज असा, की म्हशींनाही पाळ्या पाठ असाव्यात. बायकोपुढं हाच आवाज कुठं जातो, ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही.

गेल्या वर्षी संस्थेनं यंत्र आणलं. प्रत्येक रानात एक दांडी रोवली. ती मातीची ओल मोजणार, सगळ्यांत कोरडं रान संगणक शोधणार आणि तिथला व्हॉल्व्ह आपोआप उघडणार. निरोप ज्याचा त्याच्याच फोनवर. भाऊसोला सांगितलं, आता आराम करा.

उन्हाळ्यात बोभाटा झाला. पाटाच्या शेवटाला तानुबाईचा वीस गुंठे भुईमूग. ऐन आऱ्या धरायच्या, म्हणजे शेंगा लागायच्या वेळी तीन आठवडे पाणी नाही. आणखी चार दिवस असेच गेले, तर पीक हातचं जाणार. भाऊसो संस्थेत जाऊन बसला. "मॅडमला बोलवा," म्हणाला.

यंत्र बसवणारी अंकिता, खंडाळ्याची पोरगी, आली. फोन बघून म्हणाली, "काका, भरतेशअण्णांचं रान सगळ्यांत कोरडं आहे. यंत्र बरोबरच सांगतंय."

"आसंल. चला, बघून यिऊ."

भरतेशच्या उसात शिरताना भाऊसो म्हणाला, "आवं मॅडम, जपून. चिखल हाय." तोवर ती घोट्यापर्यंत रुतली, एक चप्पल सरीतच राहिली. पुढं खोपीत, कोरड्या मातीच्या डब्यात, भरतेशची दांडी ऐटीत उभी. शेजारच्या रानातली राखेच्या मडक्यात. तिसरी माझी. ती कुठं होती, ते विचारू नका.

"दांड्यांना कुलूपच लावते!" अंकिता तणतणली.

"किल्ल्या करतील. गाव लय हुशार हाय. एकट्याच्या फोनवर कळतंय, म्हणून तर हे धाडस. कुणाचं रान किती कोरडं, ते डेअरीत लावा की. आन् पाळी बदलायची सोय ठेवा. माणसाला अडचणी असत्यात."

दोन दिवस राबून तिनं डेअरीत कोरड्या रानांची यादी दाखवणारा पडदा लावला आणि फोनवरून पाळी बदलायची, पाणी थांबवायची सोय केली. सकाळी पहिलं नाव भरतेशचं. धोंडुबाईनं दुधाची किटली खाली ठेवली आणि पडद्याकडं बघून म्हणाली, "आवं भरतेशअण्णा, जतच्या दुष्काळी माळावर रान घेतलंसा व्हय?"

रांग हसून वाकली. भरतेश दूध न घालताच निघाला. दुसरं नाव माझं होतं. मीही निघालो.

दहा वाजेपर्यंत सगळ्या दांड्या मातीत गेल्या. बाराला शेवटचा व्हॉल्व्ह उघडला. तानुबाई खोरं घेऊन वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरत होती. भाऊसो आणि अंकिता बांधावर उभे. यंत्र संध्याकाळपर्यंत पाणी देणार होतं. तीनलाच तानुबाई ओरडली, "भाऊसो, बास की! भुईमूग हाय, भात न्हवं!"

अंकितानं फोन भाऊसोच्या हातात दिला. त्यानं चष्मा पुसला आणि पाणी बंद केलं.